बापूकाकांचं वायफाय आणि ब्रेकची हवा

बापूकाका गेले. काल दुपारी, सावंगीच्या दवाखान्यात.

फोन ठेवला आणि सगळ्यात आधी हे आठवलं, की मी या माणसावर एकदा खेकसले होते.

आर्वीला आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. काका एसटी डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाले आणि दोन वर्षांत काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले.

चहा, चप्पल, औषधाची गोळी, सगळ्यासाठी हाक मारायची वेळ आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस हो!

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. मी नुकतीच इंजिनिअर झालेली, वर्ध्याला कॉलेजात लॅब सांभाळायची, बसनं रोज अपडाऊन. अंगात भारी मस्ती.

काकांच्या जुन्या कंप्युटरवर मी लिनक्स टाकून दिलं. त्यात स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट मिळायचा. आमच्या घरच्या मोडेमचं वायफाय भिंतीपलीकडे जायचं, तेच त्यांना दिलं.

नेटवरचा मराठी पेपर तो प्रोग्रॅम हिंदी वळणानं वाचायचा. काका हसून हसून लाल.

"हा बावा कोन्या गावचा आहे वं?"

पण एक घोळ होता. वायफाय आपोआप जोडलं जात नव्हतं. दर वेळी पासवर्डची खिडकी यायची, आणि नेमकी तीच खिडकी त्या बावाला वाचता यायची नाही.

आणि लोडशेडिंगचे दिवस. दिवसातून तीनदा लाईट जायची. मी घरी असले आणि लाईट आली की भिंतीपलीकडून हाक:

"वर्षेऽऽ! नेट लावून दे वं माय!"

एकदा काका म्हणाले, "बाकी सगळ्यासाठी हाका मारतोच मी. पेपर तेवढा माझा मले वाचू दे. काई जमते का पाह्यजो."

मी म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना?"

कंप्युटर सुरू होताना आपोआप चालते अशी एक फाईल असते. तिच्यात वायफाय जोडायच्या ओळी लिहिल्या. तीनदा रिस्टार्ट करून पाहिलं. तिन्ही वेळा जोडलं. मी कॉलर ताठ करून घरी.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली, आली. हाक.

परत गेले. रिस्टार्ट केलं, चाललं. संध्याकाळी पुन्हा हाक. असं चार दिवस. मी केलं की चालतं, काकांनी केलं की चालत नाही!

पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"काका, तुम्हीच काहीतरी भलतं दाबता. मला दुसरी कामं नाहीत का?"

काका एवढंच म्हणाले, "बरं माय."

मग हाक आलीच नाही. मला वाटलं, चला, सुटले.

आठ दिवसांनी काकू पाण्याच्या नळावर भेटल्या. काकू म्हणजे त्यांची बायको, कधी तक्रार न करणारी बाई.

"रोज लाईट आली का ते चालू करते अन् नुसते बसून राह्यते. म्या म्हटलं वर्षीले हाक मारतो, तं माह्यावरच ओरडले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बादली तिथंच ठेवून मी गेले.

काका खुर्चीवर, हात गुडघ्यांवर. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं:

"वर्षे, तुमच्या घरचं ते डबडं लाईट आल्यावर किती टाइमानं जागं होते?"

"मोडेम? दोन-अडीच मिनिटं."

"अन् हे माह्यं?"

"एक मिनिट..."

"मंग! तू रिस्टार्ट करते तवा तुमचं डबडं चालूच असते. लाईट जाते तवा दोघंई बंद पडते. माह्यं आधी उठते, हाक मारते, तिकडून कोनी ओ देत नाई, गप बसते. आठ दिवस हाच इचार करून राह्यलो मी."

मी की-बोर्ड पुढे ओढला.

"एसटी चालू केली तरी ब्रेकची हवा भरल्याबिगर गाडी डेपोबाहीर काढत नसतात, पोरी. थांबा लागते. याले थांबाले शिकव."

इंजिनिअर मी, आणि मला हे सुचलं नव्हतं. त्यांना सुचलं.

फाईलमध्ये वर एकच ओळ घातली. आधी तीन मिनिटं थांब, मग जोड. जोडलं की कंडक्टरची डबल घंटी वाजावी, हीही सोय केली.

रिस्टार्ट करून पाहायचं नाही असं ठरवलं. लाईट जाईपर्यंत थांबलो. गेली. येईपर्यंत थांबलो. काकूंनी मध्येच पोहे केले.

लाईट आली. काकांनी चाचपडत बटण दाबलं. आम्ही मनात सेकंद मोजत बसलो. काकूंनी तर हात जोडले होते.

टिंग टिंग.

काकांनी स्वतः पेपर उघडला. बावानं पहिली बातमी वाचायला सुरुवात केली. काकांची मान ताठ झाली, आणि मला म्हणाले,

"आता तू जाय घरी. मले पेपर वाचू दे."

काय आनंद होता त्या आवाजात! आणि खरं सांगते, मला जरा लागलंच.

त्यानंतर काकांनी नेटसाठी एकदाही हाक मारली नाही. मी पुण्याला आले, लग्न, नोकरी, सगळं झालं. आम्ही दिवाळीला भेटायचो. माफी मागायची तेवढी राहूनच गेली.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

मी घाबरून विचारलं, "काय झालं काका? काही काम होतं का?"

"काम नाई वं. काम असलं तरच हाक माराव का?"

मग त्यांनी मला त्या दिवशीचा पेपर सांगितला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, धापा टाकत. सगळ्या बातम्या मी सकाळीच वाचल्या होत्या. तरी म्हटलं, "हो का काका? मग पुढं?"

या आता, बापूकाका. चुकले होते मी, माफ करा.