स्लोचा स्क्रू

गाडी उभी असताना, ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन जेवढं आपलं आपण चालत राहतं, त्याला गॅरेजमध्ये ‘स्लो’ म्हणतात. म्हणजे ‘स्लो वाढव’ याचा अर्थ इंजिन जोरात चालव. हे मी नवऱ्याला लग्न झाल्यापासून समजावतेय. तो बँकेत आहे. त्याला अजून कळलेलं नाही.

गाडी माझी. जुनी, कार्बोरेटरवाली, भंगारात निघाली होती तिथून उचलून आणलेली. मी तिला मोठा कार्बोरेटर बसवला, कॅमशाफ्ट बदलला, सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावला. आम्ही राहतो सिल्व्हर पार्कमध्ये. तिथल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा पार्किंगमध्ये येऊन म्हणाले, “मॅडम, ये गाडी है या बोरवेल?” मी म्हटलं, “गाडी है.” ते गेले.

घरात गाडीच्या बाजूने एकच माणूस होता, माझे सासरे. उत्तनचे. जन्म मासेमारीच्या बोटीवर गेला, उशाला डिझेल इंजिन. सासूबाई गेल्यावर पप्पा आमच्याकडे राहायला आले आणि सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसू लागले. पण रविवारी बघावं! पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. माझी गाडी काढायची, भाईंदरचा पूल ओलांडून मुर्धा, राई करत उत्तनच्या चर्चमध्ये मिस्साला जायचं, सासूबाईंच्या कबरीवर फुलं ठेवायची आणि येताना बोंबील आणायचे. मी एकदा विचारलं, “आवाजाचा त्रास नाही ना होत, पप्पा?” ते म्हणाले, “छे गो! कसली शांत गाडी हाय.” मला इतका आनंद झाला की मी जास्त चौकशी केली नाही.

मग गाडी बंद पडायला लागली. फक्त रविवारी, फक्त पप्पांच्या हातात. सिग्नलला, मुर्ध्याच्या वळणावर, एकदा तर चर्चच्या दारात. नवरा म्हणाला, “ह्या वयात त्यांनी भर रस्त्यात गाडी ढकलायची? अजून एकदा बंद पडली ना, की त्यांचं गाडी चालवणं बंद. बसने जातील.” पप्पा शेजारीच बसले होते. टीव्हीकडे बघत राहिले. मला त्यांचा चेहरा बघवला नाही. मी म्हटलं, गाडीचा दोष आहे, गाडी मी नीट करते, तू तुझी बँक सांभाळ.

दोष साधा होता. स्लो खाली येत होता. कॅम बदललेली गाडी कमी स्लोवर थरथरते आणि जरा ब्रेक दाबला की बंद पडते. म्हणून मी कार्बोरेटरवरचा स्लोचा स्क्रू पिळून स्लो वर ठेवायचे, आणि पुढच्या सोमवारी बघावं तर पुन्हा खाली. कुठून तरी हवा ओढत असेल म्हणून कार्बोरेटरखालचं पॅकिंग बदललं. रबरी नळ्या बदलल्या. प्लग बदलले. स्क्रू हादऱ्याने फिरत असेल म्हणून त्याची स्प्रिंग कडक टाकली. तरी तेच! शेवटी स्क्रूवर आणि बाजूच्या लोखंडावर मिळून लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. फिरला तर कळेल.

सोमवारी ठिपका फुटलेला होता, आणि स्क्रूच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हरचा ताजा चकचकीत ओरखडा.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तशीच वर गेले आणि नवऱ्याला धरलं. “तुला गाडी नकोय ना? मग तसं सांग! हे असले धंदे कशाला?” तो इडली खात होता. शांतपणे म्हणाला, “बॉनेट कुठून उघडतं ते मला माहीत नाही.” हे खरं होतं. तेवढ्यावर त्याला सोडावं लागलं.

पुढच्या रविवारी मी आधीच खाली जाऊन खांबामागे उभी राहिले. स्वतःच्या गाडीवर पाळत, कर्म माझं!

पप्पा आले. गाडी सुरू केली. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या धाडकन बंद झाल्या. पप्पा थोडे थांबले, कान देऊन ऐकल्यासारखे, आणि त्यांनी पुन्हा चावी फिरवली. चालू इंजिनावर! कर्रर्र करून असा आवाज झाला की माझ्या दाढा शिवशिवल्या. मग ते उतरले, बॉनेट उघडलं, खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. एक तळहात मडगार्डवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने स्लो कमी करत गेले. गाडी थरथरायला लागली, मग अख्खी हलायला लागली, तेव्हा त्यांनी मान डोलावली. आता चालू आहे हे त्यांना पटलं.

हा माणूस हाताने ऐकत होता.

“पप्पा!” म्हटलं. काही नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. “बंद पडत होती गो,” ते म्हणाले. मी ओरडून म्हटलं, “चालू होती!” ते माझ्या ओठांकडे बघत होते. किती दिवस असे बघत होते कुणास ठाऊक. आमच्या लक्षात कसं आलं नाही? तर उत्तनची माणसं मोठ्यानेच बोलतात, समुद्रावर वाऱ्यात बोलून सवय. त्यांचं ओरडणं आम्ही गावाच्या नावावर टाकत आलो. टीव्हीचा आवाजही.

“त्याला सांगू नको,” पप्पा म्हणाले. “गाडी काढून घेल.”

मी सांगितलं. मागून हॉर्न वाजतो आणि ह्यांना कळत नाही, हे डोळ्यासमोर आल्यावर न सांगून चालणार नव्हतं. पण सोबत अटही घातली: कानाचं मशीन आणायचं आणि रविवार त्यांचाच राहणार. नवरा म्हणाला, “मला वाटायचं ते फक्त माझंच ऐकत नाहीत.” पण दुसऱ्याच दिवशी तो त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

मशीन आलं. मी स्लो छान बसवला. रविवारी मी स्वतः पप्पांना खाली घेऊन गेले, शाळेच्या पहिल्या दिवसासारखी. खुशीत होते मी. पप्पा सीटवर बसले, चावी फिरवली, आणि दोन्ही हात कानांवर गेले.

त्यांनी इंजिन बंद केलं.

“ही अशी वाजते?”

“हो पप्पा.”

“रोजच?”

“हो.”

“मिस्सा चालू असताना मी हिला चर्चच्या दारात नेत होतो,” ते म्हणाले. “कबरस्तानात पण. लोकं वळून बघायची. मला वाटायचं, सुनेची गाडी बघतात.”

त्यांनी चावी माझ्या हातात दिली. रागाने नाही, नीट, दांडी माझ्याकडे करून.

त्या आठवड्यात मी मोकळा पाइप काढला आणि कंपनीचा सायलेन्सर लावला. गाडी आता शिलाई मशीनसारखी वाजते. लाज वाटते, पण वाजते. स्लो जागचा हलत नाही. “शेवटी जमलं तुला,” नवरा म्हणतो. त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटतं.

रविवारी मी गाडी सुरू करून गेटपाशी उभी होते. पप्पा पांढरा शर्ट घालून खाली आले, फुलांची पिशवी हातात, मशीन कानात. मी हाक मारली. त्यांनी ऐकली, मानेने नको म्हटलं, “तिथं सगळी वळखतात गो हिला,” म्हणाले आणि बसस्टॉपकडे चालू लागले.