बर्फाखालची डबी
माझ्यासारख्याने लिहायचं धाडस करावं का, कळत नाही, चुकलं तर माफ करा. पण आज मेसमध्ये तळलेल्या मांदेलीचा वास आला आणि थळची आमची शेजारीण काकी आठवली, जी शिळ्या म्हावऱ्याला, म्हणजे मासळीला, कधी हात लावत नाही. गेल्या वर्षी नवी मुंबईतल्या मोठ्या प्रदर्शनात तिच्या बचत गटाला पहिल्यांदाच मासळीचा स्टॉल मिळाला होता, तो काकी सांभाळत होती, आणि आत आलेल्यांना मोबाइलवर स्टॉलची वाट दाखवणारा नकाशा आम्ही कॉलेजच्या मुलांनी केला होता. त्यासाठी प्रत्येक स्टॉलवर सिग्नल देणारी छोटी डबी लावायची होती. काकीची डबी कुणाचा धक्का लागून पडू नये म्हणून मी ती तिच्या बर्फाच्या पेटीखाली सरकवली. दिवसभर मोबाइल बघत माणसं दुसऱ्याच रांगेत वळत राहिली. "काय रं इंजिनेर, तुजा नकाशा माज्याकडं कुनाला धाडतच न्हाय!" काकी हसत म्हणाली. "येतील गं," मी म्हणत राहिलो. संध्याकाळी उरलेली मांदेली तळून तिने आम्हा मुलांनाच वाढली. मग आवरताना पेटी उचलली, आणि तिचा स्टॉल माझ्या मोबाइलवर उमटला. बर्फ-पाण्याने सिग्नल अडतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तिला सांगायला मात्र जीभ रेटली नाही. परवा आईचा फोन आला. गटाने यंदाचा स्टॉल गटातल्या दुसरीला दिलाय, आणि बैठकीत काकी म्हणाली, "पोराचा नकाशा बराबर व्हता, माजंच म्हावरं शिळं व्हतं."