पडायच्या आधी बोलायचं होतं

आमच्या थोरल्या साडभाऊंइतका लाजाळू लढवय्या आदिलाबाद जिल्ह्यातच काय, पेनगंगेच्या दोन्ही काठांना शोधून सापडायचा नाही. साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, जैनथकडच्या एका मराठी शाळेत मास्तर आहेत आणि त्यांनी पन्नाशी कधीच ओलांडली आहे. बसमध्ये कुणी त्यांच्या पायावर पाय दिला, तर हे स्वतःच पाय मागे घेतात आणि वर "माफ करा" म्हणतात. हॉटेलात चहा गार आला, तर "राहू द्या, मीच बोलत बसलो" असं म्हणून गारच पितात. असा हा माणूस दर रविवारी दुपारी जेवण झाल्यावर कानाला हेडफोन लावतो, टेबलावर घट्ट बसवलेला जॉयस्टिकचा दांडा मुठीत धरतो आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर लढाऊ विमान उडवतो. समोर दुसरं एकच विमान. एकास एक. हरले की साडभाऊ लाजतात, आणि चुकून जिंकले तर त्याहून जास्त लाजतात. एकदा त्यांनी कुणाला तरी पाडलं, तेव्हा मी शेजारीच होतो. पडद्यासमोर हात जोडून हे म्हणाले, "लागलं तर नाही ना जी?"

या वयात हे खूळ कुठून आलं, ते सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे. हा खेळ मुळात त्यांच्या लेकीचा. पोरगी कॉलेजात असल्यापासून खेळायची आणि भल्याभल्यांना खाली आणायची. मागे तिला पाहायला नदीपलीकडचे पाहुणे आले. ते दुपारी यायचे होते, ते सकाळीच टपकले. पोरगी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून लढत बसलेली. बाहेर पोह्यांच्या बश्या फिरत असताना आतून आवाज आला, "पळतं कुठं रे? थांब, आता नाही सोडत तुले!" पाहुण्यांतल्या म्हातारीने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कोण भांडून राह्यलं जी आतमंदी?"  साडभाऊ उठले, आत गेले, एक शब्द न बोलता कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली आणि बाहेर येऊन म्हणाले, "आमची पोरगी नोहे ते. शेजारची हाय." पोरगी दाराआड उभी होती. तिने ते ऐकलं.

स्थळ मोडलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पोरगी हैदराबादला नोकरीला गेली आणि बापाशी बोलायची थांबली. म्हणजे भांडण नाही, तंडण नाही. फोन आईला करायचा, आणि बाबांनी फोन हातात घेतला की "जेवले का? बरं, ठेवते" एवढंच. साडभाऊंना माफी मागायची होती. पण बापाने लेकीची माफी मागायची म्हणजे कशी, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. फोन हातात आला की हे शब्द जुळवत बसायचे, आणि ते जुळेपर्यंत पोरगी फोन ठेवून मोकळी. शेवटी त्यांनीच युक्ती काढली. या खेळात लढता लढता एकमेकांशी बोलता येतं. आणि अर्ध्यावर लढाई सोडणं पोरीच्या रक्तात नाही. म्हणजे तिथे ती फोनसारखं मधेच ठेवून देणार नाही. ताईंनी, म्हणजे आमच्या थोरल्या मेहुणीबाईंनी, फोनवर विचारलं, बाबा तुझ्याशी खेळायला आले तर चालेल का. पोरगी म्हणाली, "येऊ दे म्हणा."

तर साडभाऊ गेले. दोन्ही विमानं समोरासमोर यायची, गोळी न झाडता एकमेकांच्या शेजारून निघून जायची आणि मग लढाई सुरू, असा या खेळातला रिवाज. साडभाऊंनी जाता जाता "जय भीम" घातला, पोरीने "जय भीम" परत केला. साडभाऊ म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी..." आणि विमानाच्या चिंध्या झाल्या. पुढच्या रविवारी "बाई, त्या..." एवढंच झालं. त्यानंतर एकदा तर "बा" म्हणताच डोंगरावर आदळले, पोरीला गोळीसुद्धा खर्चावी लागली नाही. मग माझ्याकडे मावल्याला, आमच्या गावी आले, ओट्यावर बसले आणि खाली मान घालून मला म्हणाले (तेही मला साडभाऊच म्हणतात), "साडभाऊ, जिंकाचं नाही मले. बोलून होईपर्यंत वर राहाचं हाय फक्त."

तेव्हापासून शिकणं सुरू झालं. करीमनगरकडचा एक जण त्यांना खेळातच भेटला होता, तो गुरू. आवाजावरून साडभाऊंपेक्षा पुष्कळ लहान, पण हे त्याला "अहो गुरुजी" म्हणत आणि तो बिचारा संकोचून "सर, सर" करत असे. साडभाऊंचा पहिला दोष म्हणजे घाबरले की दांडा पोटाशी ओढून धरायचे. तसं केलं की विमान गर्रकन वळतं खरं, पण वेग संपतो आणि ते हवेत लटकून राहतं, मग कुणीही यावं आणि टिपावं. गुरू ओरडायचा, "मेल्लगा, सर, मेल्लगा!" म्हणजे हळू. दुसरा दोष, नजर सारखी खाली वेगाच्या काट्यावर. "नीचे मत देखो, सर, उसको देखो." तिसरा दोष मात्र कुणालाच काढता येईना. साडभाऊ कुणाच्या मागे जायला तयारच नव्हते. मागून गोळी घालणं त्यांना बरं वाटत नसे. ते आपले सरळ तोंडासमोर जायचे आणि दोघंही फुटायचे. गुरूने डोक्याला हात लावला असणार. "सर, पीछे जाना ही तो पूरा खेल है!" त्यावर हे म्हणाले, "हौ, पण त्याले आधी सांगून गेलं तर नाही चालत का?"

हळूहळू खेळ अंगात भिनला आणि आम्हा नातेवाइकांना तोंड लपवायची पाळी आली. स्कूटरवर मागे बसलं की हे चढावर हँडल सोडून समजावून सांगायचे की उंची म्हणजे साठवलेला वेग, उतारावर गाडी फुकट पळते की नाही, तसंच. मागे विमान लागलं असं वाटून मान सारखी मागे वळवून वळवून आखडली, ताई रोज तेल चोळून थकल्या. कहर झाला तो मावल्यातल्या एका लग्नात. भन्तेजी वंदना म्हणत होते, सगळा मांडव हात जोडून उभा. साडभाऊही उभे, डोळे मिटलेले. बघता बघता त्यांचे जोडलेले तळवे सुटले. डावा तळवा पुढे निघाला, उजवा वर चढला, कलंडला आणि डाव्याच्या मागे लागला. तोंडाने बारीक घूंऽऽ असा आवाज. पुढच्या रांगेतल्या एका आजीने वळून पाहिलं आणि मला विचारलं, "मास्तरले फिट येऊन राह्यली का रे?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणालो, "नाही आजी, मी वळखत नाही त्याहिले." सख्खे साडू आम्ही, एकाच रिक्षातून आलेलो. शरम माणसाच्या तोंडून किती झटपट खोटं बोलवते, ते मला त्या मांडवात कळलं. साडभाऊंनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. जेवताना त्यांनी त्यांच्या ताटातली बुंदी माझ्या ताटात सरकवली, एवढं आठवतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुमी बाजूले बसा, मले धीर येते." मी कॉटवर बसलो. ताई दारात भाजी निवडत होत्या, म्हणजे निवडल्यासारखं करत होत्या. हेडफोन आखडलेल्या मानेला जड होतो म्हणून त्या दिवशी आवाज बाहेरच्या स्पीकरवर लावला होता. जय भीम झाला, विमानं एकमेकांना ओलांडून गेली. आणि साडभाऊंनी दांडा ओढला नाही. मेल्लगा, मेल्लगा, असं पुटपुटत ते वर चढत राहिले. पोरगी आली, हे कलले. ती मागे लागली, हे खाली सूर मारून वेग घेऊन पुन्हा वर. गोळ्या शेजारून गेल्या. पोरगी पहिल्यांदाच म्हणाली, "अरे वा." त्या दोन शब्दांनी ताईंच्या हातातली भाजी गळून पडली.

आता वेळ होता. हवा होती, उंची होती, कुणी पडत नव्हतं. आणि साडभाऊ गप्प. ओठ हलत होते, शब्द नाही. इतके महिने ज्या वेळेसाठी धडपडले, ती वेळ हातात आली आणि हा माणूस लाजेने मुका झाला. पोरगी केव्हाच त्यांच्या बरोबर मागे येऊन बसली होती. मलासुद्धा दिसत होतं की आता एक बटण दाबायचा अवकाश. ती दाबत नव्हती. बाप वळला की ती वळायची, बाप चढला की ती चढायची. बराच वेळ असंच चाललं. मग स्पीकरमधून आवाज आला, अगदी हळू.

"बोला ना बाबा. मी मारत नाही तोवर."

साडभाऊंनी चष्मा काढला. पडदा दिसत नसणारच, पण दांडा सोडला नाही. "बाई, शेजारची म्हटलो मी तुले. लोकायची शरम वाटली. आता माहीच मले वाटते. रोज वाटते. तू माही हायेस. तवाबी होतीस."

  मी भिंतीकडे तोंड करून बसलो. बाप-लेकीचं हे बोलणं ऐकायला मी तिथे असायलाच नको होतो, आणि उठून जावं तर दारात ताई उभ्या.

"मालूम हाय," पोरगी म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "चष्मा लावा आता. सरळ उडून राह्यले तुमी."

साडभाऊंनी घाईघाईने चष्मा लावला, पण उलटा. तेवढ्यात तिने त्यांना पाडलं. विमान गोल गोल फिरत खाली जात होतं आणि साडभाऊ तोंडभर हसत होते.

पोरगी अजून घरी आलेली नाही. येईन म्हणते, सुट्टी मिळत नाही म्हणते. फोनवर अजूनही "जेवले का" च्या पुढे दोघांची गाडी जात नाही. जे काही बोलायचं ते रविवारी, वर गेल्यावर. तिची नवी खोली, तिचा खोकला, तिच्या ऑफिसातली भांडणं. साडभाऊ हल्ली बरेच टिकतात. पण बोलणं संपत आलं, असं पोरीच्या आवाजावरून कळलं की ते आपणच वेग कमी करतात आणि तिच्या समोर जाऊन उभे राहतात. मी एकदा विचारलं, पळता येत असून पडता काऊन? तर म्हणाले, "पडल्यावर ते म्हणते ना, लागलं का बाबा. ते ऐकू येते."