मामी उलट्या सीटवर बसते

सुरतेला लोक साड्या घ्यायला जातात, खायला जातात. मी या थंडीत गेले ती मामांच्या सायकलीची किल्ली काढून घ्यायला. खाणंही झालंच, त्याबद्दल पुढे सांगतेच.

मनीषाचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा फोन आला आणि जायचं ठरलं. मामा-मामी सुरतेत गोडादऱ्याला राहतात, मनीषाचं सासर त्यांच्या मागच्याच गल्लीत. मामांची सगळी नोकरी तिथल्या यंत्रमागावर झाली. आता ते घरीच असतात आणि दर रविवारी मामीला घेऊन तलावाकाठच्या मोठ्या बागेत जातात. मामीचे गुडघे गेलेत, म्हणून ती बागेतल्या बॅटरीच्या गाडीत बसते. आपल्याकडे तिला गोल्फ कार्ट म्हणतात, उघडी, बिनआवाजाची. आणि मामा? मामा त्या गाडीच्या बाजूने सायकल चालवतात. मामीकडे बघत. मागच्या रविवारी एका वळणावर असेच बघत बघत ते पायी फिरणाऱ्या एका काकांवर गेले. काकांचं कोपर सोललं, मामांचा गुडघा. बागेच्या रखवालदाराने सांगितलं, आणखी एक तक्रार आली की सायकल गेटबाहेर.

"ताई, पप्पा माझं मानतच नाहीत," मनीषा म्हणाली. "तुझं मानतील. तू ये ने, आणि ती किल्ली घेऊन टाक."

मी भाची. भाचीला मामा नाही म्हणत नाहीत, या जोरावर मी धुळ्याहून सकाळची एसटी पकडली.

रस्ता सांगते, कारण हा प्रवास बरेच जण विनाकारण टाळतात. साक्री, मग कोंडाईबारीचा घाट, नवापूर, आणि पुढे गुजरात. घाटात बस हळू चालते, उलटीचा त्रास असेल तर पुढची जागा धरा. नवापूरला चहा घ्या, कारण पुढे चहात साखर वाढत जाते. व्यारा सोडलं की दोन्हीकडे ऊस लागतो आणि बारडोलीजवळ तर बस उसाच्या ट्रॅक्टरांमागे मुंगीच्या पावलाने चालते. हवेत मळीचा वास. एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, त्यावर बाहेर आलेला ऊस, त्याच्या शेजारून मोटारसायकल, तिच्या शेजारून डोक्यावर भारा घेतलेली बाई. कोणी कोणाला हॉर्न देत नव्हतं. आमचा ड्रायव्हर देत होता, पण त्याला कोणी विचारत नव्हतं. सुरतेत उतरल्यावर गोडादऱ्याला शेअर रिक्षा मिळते. आधी भाव ठरवा, मग बसा.

मामीने वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. घरात शिरले तेव्हा मामा पाठमोरे बसले होते. मी हाक मारली, त्यांना कळलं नाही. मग मामीने त्यांच्या समोर जाऊन नुसता अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. मामा वळले आणि त्यांचं तोंड फुललं.

"उनी का पोरी? बठ, बठ."

मामांना ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. इतकं येत नाही, हे माहीत नव्हतं. मागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, आयुष्य काढलेल्या पुष्कळांचं असंच होतं. कानाचं यंत्र मनीषाने आणून दिलंय, ते कपाटात आहे. घातलं की शिट्टी वाजते आणि वाऱ्यात नुसती घरघर ऐकू येते म्हणतात.

जेवताना मामीने मला ती सगळी खात्याची भाषा सांगितली. खात्यात माग सुरू असले की ओरडूनही काही ऐकू जात नाही. म्हणून कामगार हाताने बोलतात आणि ओठ वाचतात. दोन बोटं तोडल्यासारखी केली की धागा तुटला. मूठ तोंडाशी नेली की चहा. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे उघडा तळवा उभा धरून एका बाजूला कलता करायचा. सुताचा मोठा जड रूळ, बीम म्हणतात त्याला, तो ढकलगाडीवरून मागांच्या मधल्या अरुंद बोळीतून नेतात. ज्याची पाठ तिकडे असते त्याला ती गाडी दिसतही नाही, ऐकूही येत नाही. ज्याचं तोंड तिकडे आहे त्याने समोरच्याला खूण करायची, बीम येतंय, सरक. आणि समोरच्याने मागे वळून न बघता सरकायचं. बघत बसला तर गेला. खात्यात कोणी कोणाला हाक मारत नाही, घंटी वाजवत नाही. तोंड समोर असलेल्याने पाठ असलेल्याला सांभाळायचं, एवढाच तिथला नियम.

"तुला गं कसं येतं हे सगळं?" मी विचारलं.

मामी लाजली. तिच्या वयाला शोभणार नाही इतकी लाजली. लग्नानंतर ती रोज दुपारी खात्याच्या दारात डबा घेऊन जायची. आत जायला परवानगी नव्हती. मग दारातून ती आणि मागापासून मामा, दोघं हातांनीच बोलायचे. घरी एक खोली, त्यात सासू-सासरे, दीर, नणंद. नवराबायकोने दोन शब्द बोलायचे कुठे? तर ही भाषा घरीही चालू राहिली. चुलीपाशी बसलेली मामी आणि दाराशी बसलेले मामा सगळ्यांसमोर गप्पा मारायचे आणि कोणाला पत्ता नाही. आणि मामांच्या मागून सासूबाई आल्या की मामी तळवा उभा करून कलता करायची. बीम येतंय.

मी इतकी हसले की भाकरीचा घास घशात अडकला. मामांनी मामीचे ओठ वाचले होते, तेही हसायला लागले.

हसणं झालं आणि मला माझं काम आठवलं. मी मामांच्या समोर बसले, सावकाश तोंड उघडून सगळं बोलले. की तुम्हाला मागची घंटी ऐकू येत नाही, गाडी ऐकू येत नाही, आणि तुम्ही पुढे बघतच नाही. त्या काकांच्या जागी एखादं लहान मूल असतं तर? मामा शेवटपर्यंत ऐकत होते, म्हणजे बघत होते. काकांचं नाव निघाल्यावर त्यांनी मान खाली घातली. ते अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी त्या काकांच्या घरी जाऊन माफी मागून आले होते, हे मला मामीने नंतर सांगितलं.

मग मी म्हटलं, तुम्हीही गाडीत बसा ना मामीशेजारी. ते एकदा करून झालं होतं. शेजारी बसलं की मामीचं तोंड दिसत नाही, मान वळवून वळवून मामांची मान धरली, आणि मामी सगळी फेरी गप्प बसली. आठवडाभर मुलीचं घर, नातवंडं, टीव्ही यांच्या धावपळीत दोघांना समोरासमोर निवांत बसायला मिळत नाही. ती बाग हेच त्यांचं बोलायचं ठिकाण होतं.

मामांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"सायकल सोडी दिसू मी, पोरी," ते म्हणाले. "पन तिनं तोंड नही दखं ते ती काय बोलस, हाई कसं समजई माले?"

मी किल्ली पर्समध्ये टाकली, पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मामी भांडी घेऊन उठली आणि मोरीत बराच वेळ पाणी सोडून बसली. मला फार वाईट वाटलं, खरं सांगते.

सकाळी मनीषा लोचो, म्हणजे सुरतेचा तो डाळीचा मऊ वाफवलेला नाश्ता, घेऊन आली. हा गरमच खायचा, वर शेव आणि तेल, आणि वजनाचा विचार परतल्यावर. रविवार होता. बागेत जायची वेळ झाली, तेव्हा मीच किल्ली काढून मामांना दिली आणि म्हटलं, आज शेवटची फेरी, मी सोबत चालते. मनीषाने माझ्याकडे असं पाहिलं की मी लोचोत डोकं घातलं.

बाग खरंच सुंदर आहे. तलावाला धरून लांबलचक वाट, कडेला बदाम आणि बहावा. सकाळी लवकर जा, उशिरा गर्दी होते. एकाच वाटेवर चालणारे, सायकलवाले आणि बॅटरीच्या गाड्या, सगळे असतात. चालणाऱ्यांनी कडेने चालावं, कानात गाणी घालू नयेत, मुलांचा हात सोडू नये. गाडी मागून आली तर चाकांखालच्या पाचोळ्याचाच काय तो आवाज होतो. गेटपाशी पोंक विकणारे बसतात. ज्वारीचे कोवळे दाणे, शेवेबरोबर. घ्याच.

गाडी चालवणारी हेतल म्हणून तरुण मुलगी होती, मामीला ओळखणारी. त्या दिवशी गाडीत एक कुटुंब आधीच बसलं होतं.

"मासी, आगळ जग्या नथी," ती म्हणाली. "पाछळ बेसो ने."

पाछळ म्हणजे या गाडीची शेवटची सीट. ती उलटी असते, बसणाऱ्याचं तोंड मागे. मामीने तोंड वाकडं केलं. "उलटं बठसू ते चक्कर येई माले," म्हणत ती कशीबशी चढली. मी तिचा पट्टा लावला. मामांनी शेजारून चालवायचं नाही, असं मी घरीच बजावलं होतं, म्हणून ते सायकल घेऊन गाडीच्या मागे, चांगलं अंतर ठेवून उभे राहिले. मी कडेने चालू लागले.

गाडी निघाली, मामा निघाले, आणि मामीने मान वर केली. समोर मामा. अख्खे, समोरासमोर, मध्ये नुसती मोकळी वाट.

दोघांनाही ते एकदमच कळलं असावं. मामांची सायकल किंचित डगमगली. मग मामीचे हात बोलायला लागले. एका हाताने दांडा धरलेला, दुसरा सुटा. काय बोलत होती मला कळलं नाही, आणि मी ओठ वाचायचा प्रयत्न केला नाही. मामा तिच्याकडे बघत होते, आणि तिच्याकडे बघणं म्हणजेच आता पुढे बघणं होतं.

तेवढ्यात मामांच्या मागून सायकलवरच्या तीन-चार मुली घंट्या वाजवत आल्या. मामांना ऐकू जाणारच नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्याआधी मामीचा तळवा उभा राहिला आणि कलला. मामा मागे वळले नाहीत. अलगद डावीकडे सरकले. मुली निघून गेल्या, एकीने जाता जाता "थँक्यू दादा" म्हटलं, तेही त्यांना ऐकू गेलं नाही. मामी मात्र पदर तोंडावर धरून हसत होती. तिच्या सासूबाई तिला आठवल्या असणार.

मी तिथेच एका बाकावर बसले आणि डोळे पुसले. ऊन डोळ्यात गेलं वगैरे काही नाही, रडलेच.

फेरीनंतर मी हेतलला सगळं सांगितलं आणि तिने रखवालदाराला. त्याने अटी घातल्या: गाडीशेजारी यायचं नाही, अंतर सोडायचं नाही, गर्दी झाली की उतरून चालायचं. मामांनी ओठांवरून त्या वाचल्या आणि खात्यातल्यासारखी मान डोलावली. मनीषाला मी गेटवरूनच फोन केला. ती आधी चिडली, मग म्हणाली की पुढच्या रविवारी ती स्वतः बघायला येणार.

आली आणि बघितलंही. परवा तिचा फोन होता. हेतल आता मामीसाठी मागची सीट राखून ठेवते, पुढे कितीही रिकामी असली तरी. मामीला चक्कर येत नाही.

मी धुळ्याला परत आले. पर्समध्ये घारीचा, त्या सुरती मिठाईचा डबा होता, किल्ली नव्हती. आमच्या कॉलनीचा रस्ता अरुंद, फुटपाथ नाही. संध्याकाळी आम्ही नवराबायको फिरायला जातो, नेहमी मी पुढे, हे मागे, आणि बोलणं फार नाही. काल मी सहज वळून यांच्याकडे तोंड केलं, तर यांच्या मागून दुधवाल्याची मोटारसायकल येत होती. माझा तळवा आपोआप उभा राहिला आणि कलला. यांना वाटलं मी टाटा करतेय. यांनीही हात हलवला.

मोटारसायकल सुखरूप निघून गेली. मग मी यांना थांबवलं आणि ती खूण शिकवली.