आधीचे दात, नंतरचे दात

मानसिंगच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत. आष्ट्याच्या बाजारात कुणी रामराम घातला की तो हसून हात जोडी आणि मनात म्हणे, बाबा, जरा तोंड उघड, म्हणजे तू कोण ते कळेल. समोरचा बोलायला लागला की मग त्याला सगळं आठवे. हा वाकडा सुळा, ही चांदी भरलेली दाढ, हा पाटलांचा मधला.

आर्मी डेंटल कोअरमध्ये चोवीस वर्षं काढून तो हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. लडाखकडे एकदा एक ट्रक दरीत गेला, तेव्हा त्यातली दोन माणसं त्यानं आणि त्याच्या साहेबांनी दातांच्या कागदांवरून ओळखून दिली होती. चेहरे गेले होते, बिल्ले गेले होते, दात तेवढे राहिले होते. तेव्हापासून त्याचा विश्वास दातांवरच. बाकी सगळ्यावर संशय. दूधवाल्यावर, पावसाच्या अंदाजावर, पहिल्या भेटीत खांद्यावर हात टाकणाऱ्यावर. बायको म्हणायची, "तुमी देवाच्या प्रसादाचाबी वास घेऊन बघताय." तो म्हणायचा, "घ्यावा लागतोय."

मूळ गाव खटावकडचं, पण सासुरवाडी आष्ट्याची, म्हणून तो इथं राहिला. डॉक्टर कीर्तीबाईंच्या दातांच्या दवाखान्यात त्याला अकरा वर्षं झाली होती. हत्यारं उकळायची, केसपेपर काढायचा, पेशंटच्या तोंडाचं माप घेतलं की त्यात प्लास्टर ओतून दातांचा साचा करायचा. साच्याच्या बुडाला तो पेन्सिलीनं नाव लिही आणि कपाटात ओळीनं मांडून ठेवी. पाच फळ्या भरून पांढरे जबडे. नवा पेशंट ते बघून दचकायचा. मानसिंगला मात्र ते कपाट गावासारखं वाटे. नाव न वाचता तो त्यातल्या कुणालाही ओळखायचा.

मग सांगलीत काचेच्या दारांचा मोठा दवाखाना झाला. मोबाइलवर दाताचा डॉक्टर शोधला की तोच आधी दिसू लागला, आणि आष्ट्याची माणसंही बसमध्ये बसून तिकडं जाऊ लागली. कीर्तीबाईंच्या बाहेरच्या बाकावर सकाळी अकरा वाजता मांजर झोपायला लागलं. तेव्हा बाईंनी जयराजला बोलावलं.

जयराज सांगलीचाच, मोबाइलवर दुकानांच्या जाहिराती करणारा. तिशीचा, दाढी कोरलेली, हातात दोन मोबाइल. आल्या आल्या त्यानं मानसिंगच्या खांद्यावर हात टाकला.

"काका, आता पेशंट दारातनं येत नाही. मोबाइलमधनं येतो."

"आणि जातो कुठनं?"

"तोबी मोबाइलमधनंच. गुगलवर एकच तारा दिला की गेला. आपल्याला पाच पाहिजेत."

मानसिंगनं त्याचे दात बघून घेतले. पांढरेशुभ्र, सगळे एका उंचीचे. देवानं एवढं सारखं काही घडवलेलं त्यानं बघितलं नव्हतं.

जयराजनं नकाशावर दवाखान्याची खूण नीट बसवली, पाटीचे फोटो चढवले, इन्स्टाग्रामवर पान उघडलं. नवा केसपेपरही छापून आणला, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांनी भरलेला. बाई म्हणाल्या, "काका, यावर सगळ्यांची सही घेत चला. आणि काम करण्याआधी एक, नंतर एक, दाताचा फोटो काढत चला." मानसिंगनं ते दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. पेशंट आला की कागद पुढं, पेन हातात, बोट खालच्या रेघेवर. "इथं करा सही." वरून आलेला कागद वाचायचा नसतो, सही घेऊन पुढं पाठवायचा असतो, हे चोवीस वर्षांत हाडात मुरलेलं. दुधात पाणी शोधणाऱ्या माणसाला त्या कागदाचा संशय आला नाही.

संशय आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. महिन्याभरात गुगलवर दवाखान्याबद्दल चांगलं लिहिणारे वाढले. मानसिंग दुपारी दवाखाना बंद असताना बाकावर बसून एकेक नाव वाची. त्यातलं बिरदेव हे नाव त्यानं कधी केसपेपरवर लिहिलं नव्हतं. त्या बिरदेवानं बाकी जे काही लिहिलं होतं ते सगळं केरळातलं. तिथलं हॉटेल, तिथलं गॅरेज, तिथलं देऊळ. केरळातला माणूस दात दाखवायला आष्ट्याला येतो? मानसिंगनं जयराजला बाईंच्या समोरच धरलं.

"हा बिरदेव कोण? असला पेशंट आपल्याकडं झालाच न्हाई. तू घरी बसून लिवतोयस."

जयराज हसला आणि त्यानं बिरदेवला तिथल्या तिथं फोन लावला. तो निघाला विट्याचा. केरळात त्याचं सोनं गाळायचं दुकान. आईच्या दाढा इथं काढल्या होत्या, केसपेपर आईच्या नावाचा. "आईनं सांगितलं, लय हलक्या हातानं काढल्या, म्हणून लिवलं की," तो तिकडून ओरडून सांगत होता. "काय चुकलं का?"

बाई फक्त म्हणाल्या, "काका, तुम्ही हत्यारं बघा." पण त्या दिवशी मानसिंगला आपल्याच संशयाची लाज वाटली. विट्याची निम्मी तरणी माणसं मुलखाबाहेर सोनं गाळतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. त्याला आठवू नये?

म्हणून पुढचं दिसलं तेव्हा तो गप्प राहिला.

दुपारचीच वेळ. इन्स्टाग्रामवर नवं चित्र आलं होतं. वर ठळक अक्षरं: मिसरीनं काळे पडलेले दात? एका भेटीत नवं हसू! डाव्या बाजूला 'आधी', उजव्या बाजूला 'नंतर'. चेहरा नव्हताच. प्लास्टिकच्या पट्टीनं ओढून धरलेले ओठ आणि आतले दात. आधीचे दात काळपट तपकिरी, हिरड्यांपाशी डांबर साचल्यासारखे. समोरच्या वरच्या दाताचा कोपरा तुटलेला, तिरका.

मानसिंगनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

तो कोपरा त्यानंच तोडला होता. नऊ वर्षांचा असताना, ज्वारीच्या रानात पाखरं राखताना, गोफणीचा दगड सुटला आणि थेट आक्काच्या तोंडावर. शालूआक्का तेव्हा बारा वर्षांची. तिनं घरात सांगितलं होतं, पाय घसरून बांधावर पडले. आजतागायत दुसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी त्यानंच तिला कुंडलहून इथं आणलं होतं. ती यायला तयार नव्हती. हसताना तोंडावर पदर धरायची तिची जन्माची सवय. परक्या बाईसमोर तोंड उघडायचं म्हणजे तिला अंगावरचं लुगडं फेडल्यासारखं. "मी हाय न्हवं तिथं," मानसिंग म्हणाला होता, आणि तेवढ्यावर ती खुर्चीत बसली होती. बाईंनी दात साफ केले, मागच्या दोन पडलेल्या दाढांसाठी माप घेतलं. तुटका कोपराही भरून देते म्हणाल्या, तर आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ते भावानं दिल्यालं हाय." बाईंना वाटलं, म्हातारी थट्टा करते.

फोटो मानसिंगनंच काढला होता. सहीही त्यानंच घेतली होती.

आणि नंतरचे दात? ते आक्काचे नव्हतेच. तो कपाटापाशी गेला, एकेक साचा हातात घेऊन मोबाइलशी ताडून बघितला. पाच फळ्यांत ते दात कुठं नव्हते. ते आष्ट्याचेच नव्हते. कुठल्या तरी मुलखातल्या, ज्वारीची भाकरी कधी न चावलेल्या बाईचे दात त्याच्या बहिणीच्या तोंडाशेजारी आणून बसवले होते.

त्यानं आक्काचा केसपेपर काढला आणि उलटून पहिल्यांदाच वाचला. मागच्या पानावर, सहीच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं: माझी छायाचित्रं प्रसिद्धीसाठी वापरण्यास माझी संमती आहे.

चार दिवस गेले. चित्र बघणारे चाळीस हजारांवर गेले. मांजर बाकावरून उठलं, तिथं माणसं बसू लागली. येणारा प्रत्येकजण बाहेर मोबाइलवर तेच चित्र बघत बसलाय असं मानसिंगला वाटे. पाचव्या दिवशी हातमोजे धुतल्यासारखं करत त्यानं विचारलं, "मॅडम, ते नंतरचे दात कुणाचे?"

"जयराजकडे तयार फोटो असतात, काका. साधारण कल्पना यावी म्हणून." बाईंनी मान वर केली नाही.

"आणि आधीचे?"

"आपल्यातलेच कुणाचे तरी असतील. चेहरा कुठे दिसतोय?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं, की माहीत असून माहीत नव्हतं? मान खाली घातलेल्या माणसाचे दात दिसत नाहीत. मानसिंगला काहीच कळलं नाही. बिरदेवचं नाव कुणी काढू नये म्हणून तो गप्प बसला. आक्काला फोन करायचा म्हणून रोज मोबाइल हातात घेई आणि रोज तेच चित्र बघून खाली ठेवी. तिला कळलं तर ती माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवील का, एवढी एकच गोष्ट त्याला आतून कुरतडत होती.

नवव्या दिवशी आक्का स्वतःच आली. दोन गाड्या बदलून, बरोबर गल्लीतल्या दोघी बायका.

"मान्या, ह्यास्नी दात दाखवायचं हायत," ती दारातूनच म्हणाली. "आन मला माझंबी परत करून घ्यायचं हाय. तुमच्या बाईनं मला फसवलं बग."

"कसं गं?"

"आमच्या नातीच्या मोबाइलवर आलंय. एका भेटीत एवढं पांढरं व्हतंय, आन माझं नुसतंच खरवडून पाठवलं व्हय?"

बरोबरच्या बायकांपैकी एकीनं मोबाइल काढून मानसिंगपुढं धरला. तेच चित्र. दुसरी म्हणाली, "ह्ये डावीकडचं बगा तरी भाऊ. आवं, तोंड हाय का चुलीचं भोक?"

तिघीही हसल्या. आक्का सगळ्यांत जास्त हसली, तोंडावर पदर धरून. "कुण्या बयेचं असंल गं. न्हवरा कसा राहिला असंल तिच्यासंगं! मिसरी खाती का डांबर!"

मानसिंगच्या लक्षात आलं. तिला ओळखू आलं नव्हतं. कुठून येणार? तो कोपरा तिनं आयुष्यभर जिभेनं ओळखला होता, डोळ्यांनी नव्हे. आरशात ती कुंकवापुरतीच बघायची.

आता गप्प बसलं तर काही बिघडणार नव्हतं. हे त्याला लख्ख दिसलं. ती पांढऱ्या दातांचा हट्ट धरेल, बाई काहीतरी समजूत काढतील, आठ दिवसांत नवं चित्र येईल. जगात एकटा तो सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आक्का, आत ये जरा," तो म्हणाला.

कपाटाच्या तिसऱ्या फळीवरून त्यानं साचा काढला आणि तिच्या हातात दिला. "हे तुझं दात."

"माझं?" तिनं साचा उलटासुलटा करून बघितला. तिला गंमत वाटली. मग तिचा अंगठा समोरच्या दातावरून फिरला आणि तुटक्या कोपऱ्यावर थांबला. तोंडात जीभही तिथंच गेली असावी, कारण गाल जरासा हलला. मानसिंगनं आपला मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं चित्राकडे बघितलं, साच्याकडे बघितलं, परत चित्राकडे.

बाहेर त्या दोघी अजून हसत होत्या.

"त्यास्नी ठावं हाय?" तिनं हळू विचारलं.

"न्हाई."

"आन तुला?"

"आठ दीस झालं."

पदर तिच्या हातात होता, पण तो तिनं तोंडावर धरला नाही. "फोटू तूच काढलास न्हवं?"

"व्हय."

"सईबी तूच घेतलीस."

"वाचलं नव्हतं गं मी."

"मीबी न्हवतं वाचलं," ती म्हणाली. "तू हुतास म्हणून."

गोफणीच्या दगडानंतर ती ओरडली नव्हती, तशीच आताही ओरडली नाही. साचा तिनं पदरात गुंडाळला आणि बाहेर गेली. "चला गं. ते समदं खोटं हाय. उजवीकडचं दात कुणा परक्या बाईचं हायत."

"आन डावीकडचं?" एकीनं विचारलं.

आक्का दारात थांबली. मानसिंगला वाटलं, ती सांगणार. मग वाटलं, नाही सांगणार. तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि पाठीवरून त्याला कधीच काही ओळखता आलं नव्हतं.

"गाडी चुकंल," ती म्हणाली. तिघी पायऱ्या उतरल्या.

कीर्तीबाई आतून आल्या. "काका, त्या बायका न दाखवताच गेल्या?"

"व्हय. माझी बहीण दात घेऊन गेली." त्यानं तिसऱ्या फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं, मग मोबाइल त्यांच्यापुढं धरला. "आधीचे हे तिचे आहेत, मॅडम."

बाईंनी मोबाइल हातात घेऊन बघितलं. "जयराजला काढून टाकायला सांगते," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. त्यांनी फोन लावल्याचं मानसिंगला ऐकू आलं नाही. लावला नसेल असंही नाही. चार वाजता त्यानं बघितलं, चित्र तिथंच होतं आणि बघणारे आणखी दोन हजारांनी वाढले होते.

पुढचा पेशंट आष्ट्याचाच, केरबा नावाचा, गालाला हात लावून बसलेला. मानसिंगनं कागद पुढं केला. केरबानं सवयीनं पेन मागितलं.

"थांब," मानसिंग म्हणाला. त्यानं चष्मा लावला, कागद उलटा केला आणि मागचं पान पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागला, परेडवर हुकूम वाचावा तसं. बाकावरची माणसं मोबाइलमधून माना वर करून ऐकू लागली. आत बाईंचं दात घासायचं यंत्र चालू होतं. छायाचित्रांच्या ओळीपाशी तो आला तसं ते बंद झालं.

"म्हंजी माझं थोबाड दावणार व्हय?" केरबा म्हणाला.

"दावतील."

"मग ती वळ खोड की गड्या."

मानसिंगनं पेन काढून ती ओळ खोडली, आडवी, दोनदा, आणि मग त्याच्या हातात पेन दिलं. आतलं यंत्र अजून सुरू झालं नव्हतं.