भाताचं शीत

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण टाळून मी वाचनालयातली रहस्यकादंबरी उघडली, तर ऐन खुनाच्या पानावर आमटीचा डाग आणि त्यात वाळून चिकटलेलं भाताचं शीत! शिसारीच आली.

"शी! उष्ट्या हातानं वाचतात मेले!"

बायको डोकावली. "अहो, बिचाऱ्याला जेवतानासुद्धा पुस्तक खाली ठेववलं नसेल."

मी टेबलाकडे पाहिलं. मार्गदर्शकांकडून परत आलेली माझी चार प्रकरणं परीटघडीच्या धोतरासारखी शुभ्र होती. एक कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

"तू वाचशील ना गं हे?"

"वाचीन की. हात धुऊन, सावकाश."

आता त्या शुभ्रपणाचीच किळस आली. जेवताना मी हट्टानं पहिलं प्रकरण ताटाशेजारी ठेवलं. दुसऱ्या घासाला माझा उष्टा हात कादंबरीकडे गेला.