पोळ्यापर्यंतची शाळा

“सून एवढी इंग्लिश शाळेत शिकली म्हन्ता, अन् नातीले घरीच ठेवून राहिल्या. काहून जी?”

शेजारच्या काकू माझ्या सासूबाईंना विचारत होत्या. दोघी छपरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आतल्या खोलीत, दाराच्या या बाजूला, मुलीसोबत जमिनीवर पालथी पडून चित्रांचं पुस्तक वाचत होते. वाचत होते म्हणजे, चित्रातल्या कोंबडीच्या पायांचे ठसे कुठून कुठे गेलेत ते आम्ही दोघी बोटानं शोधत होतो. मुलीचं बोट थांबलं. तिनंही ऐकलं होतं.

“मले काय विचारता माय?” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या घरातच शाळा भरून राहिली. मॅडम आत हायेत, त्याईलेच विचारा.”

“त्या कुठं बोलतेत कोनाशी!” काकू म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

त्यात खोटं काही नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली तरी या घरात मी कामापुरतंच बोलते. सासऱ्यांशी तर थेट बोलतच नाही. त्यांना काही सांगायचं असलं की सासूबाईंना सांगते, त्या त्यांना सांगतात, आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं. गंमत म्हणजे मला पसंत त्यांनीच केलं होतं, भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून. ते स्वतः चौथीनंतर शिकू शकले नाहीत. साकोलीच्या बाजारात कोणी भेटलं की “सून इंग्लिश बोलते आमची” असं सांगायचे. सात वर्षांत त्यांनी माझं एकही इंग्रजी वाक्य ऐकलं नव्हतं.

मुलीला आम्ही मागच्या वर्षी साकोलीच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. सकाळी पिवळी व्हॅन यायची आणि दुपारी आणून सोडायची. घरात दिवसभर बडबड करणारी माझी मुलगी महिनाभरात गप्प झाली. शर्टाची कॉलर चावायची. एकदा ओल्या कपड्यांनी घरी आली, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. लघवीला जायचं असेल तर इंग्रजीत विचारायचं असा नियम होता आणि तिला ते लांबलचक वाक्य ऐनवेळी आठवायचं नाही. बाई वाईट नव्हत्या. मी भेटायला गेले तेव्हा मला खुर्ची दिली, पाणी दिलं. “सवय होईल,” म्हणाल्या. मी मान हलवून परत आले.

सवय होते, हे मला माहीत आहे. मला झाली होती. न विचारता बसून राहण्याची सवय लागली की ती शाळा संपल्यावरही सुटत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तिला पाठवलं नाही. नवरा लाखनीला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये असतो, सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो. तो म्हणाला, “मला पटते तुझं. पण बाबांना तूच सांग.” मी नेहमीसारखं सासूबाईंना सांगितलं. सासऱ्यांचा निरोप आला, “ठेवा घरी पोळ्यापर्यंत. तब्येत सुधरू द्या पोरीची. पोळा झाला का साकोलीले.” शाळा चालवणाऱ्या संस्थेतल्या ओळखीच्या माणसाला सांगून त्यांनी जागा धरून ठेवली.

म्हणजे मला पोळ्यापर्यंतचा वेळ मिळाला होता. मी तो वापरला.

पुस्तकं मी नागपूरहून आणली होती. बरीच मराठी, थोडी इंग्रजी. काहींत शब्दच नव्हते, ती सगळ्यात जास्त फाटली. मुलगी पाच वर्षांची आणि तिचा भाऊ तीन वर्षांचा. त्याचा अभ्यास म्हणजे पुस्तकांचे कोपरे चघळणं. आम्ही आधी चित्रं नुसती बघायचो. मी विचारायचे, “ही बाई कुठे चालली असेल?” सुरुवातीला मुलगी खांदे उडवायची. तीन आठवड्यांनी एका दुपारी म्हणाली, “भाजीत मीठ नाही म्हणून दुकानात चालली. पण चप्पल घालायची विसरली.” मी चित्र पुन्हा पाहिलं. बाईच्या पायात खरंच चप्पल नव्हती. मला ते दिसलंच नव्हतं.

अक्षरं आम्ही साकोलीच्या बसस्टँडवर शिकलो. बुधवारी सकाळी दोन्ही मुलांना घेऊन मी जायचे, सिमेंटच्या बाकावर बसायचे आणि आम्ही गाड्यांच्या पाट्या वाचायचो. पवनीचा प, लाखनीचा ल. भंडाऱ्याचा भ आणि मोरगावचा म यांत तिचा फार दिवस गोंधळ होता. दोन-तीन बुधवार गेल्यावर एका कंडक्टरला आमचा संशय आला.

“ताई, कुठं जायचं हाये?”

“कुठेच नाही,” मी म्हणाले.

“मंग दर बुधवारी येऊन बसता कायले?”

मी काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “आम्ही पाट्या वाचून राहिलो.”

“असं काय! मंग ह्या गाडीवर काय लिवलं, सांग बरं.”

तिनं मान तिरकी केली. “ला... ख... नी. लाखनी!”

“एकदम बरोबर,” कंडक्टर म्हणाला. “गाडी गोंदियाले जाते, पन वाचलं बरोबर.” मग ड्रायव्हरकडे वळून ओरडला, “अबे, पाटी पलटव ना! लहान लेकराले दिसते, तुले नाही दिसत!”

त्या दिवशी परत येताना मुलगी अख्ख्या गाडीत मोठ्यानं वाचत होती. ‘धूम्रपान करू नये’ हे तिनं सहा वेळा वाचलं. शेवटी समोरच्या आजोबांनी खिशातली बिडी दाखवून सांगितलं, “नाही पीत वो माय, ठेवली फक्त.”

पावसाळ्यात रोवणा सुरू झाला. आमच्याकडे धानाची रोपं उपटून बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या वाफ्यात लावतात, त्याला रोवणा म्हणतात. शेतातली बांधी घरापासून दहा मिनिटांवर आहे, पण मी तिथं कधी काम केलं नव्हतं. सासऱ्यांनीच ‘शिकलेली सून बांधीत नको’ असं ठरवलेलं होतं. आमच्या एका पुस्तकात मात्र रोवण्याचं सुंदर चित्र होतं, आणि मुलीला ते खरं बघायचं होतं. मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि मुलांना घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिले. बायका ओळीनं वाकल्या होत्या, पाठीवर प्लास्टिक बांधलेलं. सासूबाईही त्यांच्यात होत्या.

“या ना मॅडम, लावा दोन रोपं,” एकीनं हाक मारली. मी नाही म्हणणार होते, पण मुलगी माझ्याकडे बघत होती. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले.

पुस्तकातल्या चित्रात बाई समोर बघून रोप लावत होती. मीही समोर लावलं, एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुढे. मला वाटलं छान जमतंय. चार-पाच पावलांनंतर मागून आवाज आला, “वो बाई, तुमी लावून राहिल्या का तुडवून राहिल्या?”

मी मागे वळून पाहिलं. लावलेली सगळी रोपं माझ्याच पायांखाली आडवी झाली होती. बायका कमरेवर हात ठेवून हसत होत्या. एक तर चिखलात बसलीच. सासूबाई पलीकडून ओरडल्या, “मागं सरका, मागं! लावायचं अन् मागं सरकायचं! येवढे पैसे भरून हे नाही शिकवलं काय शाळेत?”

सगळ्यात मोठ्यानं माझी मुलगी हसत होती. ती धुऱ्यावरून उतरली, एक रोप घेतलं आणि म्हणाली, “आई, असं. पाय मागं.” तिनं ते अर्ध्या तासात नुसतं बघून उचललं होतं.

दुसरा कोणता दिवस असता तर मी लाजून घरी निघून गेले असते. मी गेले नाही. सासूबाईंना विचारलं, किती रोपं एका जागी, किती खोल, बोटं कशी धरायची. त्यांनी दाखवलं. दुपारपर्यंत मी एक ओळ पुरी केली, वाकडी होती पण उभी होती. आपली आई चुकते, लोक हसतात, तरी ती थांबून विचारते आणि मग तिला जमतं, हे माझ्या मुलीनं त्या दिवशी पाहिलं. मला आठवतं तेवढ्या माझ्या शाळेच्या वर्षांत मी कोणत्याही मोठ्या माणसाला चुकताना पाहिलं नव्हतं.

घरी येऊन मुलीनं कागद दुमडून स्वतःचं पुस्तक केलं. चार पानं. तिसऱ्या पानावर मी चिखलात, माझ्या पायांखाली आडवी रोपं, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘आई मग सरक’. मागंचा काना आणि अनुस्वार राहिला होता, पण ते तिनं कोणाला न विचारता लिहिलेलं पहिलं वाक्य होतं. सासऱ्यांनी चष्मा लावून ते पुस्तक दोनदा उलटवलं. मला वाटलं, आता काही म्हणतील. “चित्रं बरी काढते,” ते सासूबाईंना म्हणाले. “पन चित्रं काढून नोकरी लागते काय?” आणि दुसऱ्याच आठवड्यात साकोलीहून येताना त्यांनी गणवेश आणला. टाय, पट्टा, सगळं. एक माप मोठंच आणलं होतं, दोन वर्षं चालावं म्हणून.

ते तिच्यावर प्रेम करत नाहीत असं नाही. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल त्यांनीच सानगडीच्या सुताराकडून करून आणला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत आणतात, घरोघरी जातात, आणि लोक त्यांना खाऊ देतात, त्याला बोजारा म्हणतात. मुलीनं बैलाची शिंगं रंगवायला दोन दिवस घेतले. झूल सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या काठाची शिवली. टाके तिचे, गाठी माझ्या.

संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर स्पर्धा होती. मुलं बैल घेऊन ओळीनं उभी होती. माईकवाला तरुण एकेकाला नाव आणि शाळा विचारत होता. “यूकेजी, इंग्लिश मीडियम!” कोणी ओरडलं की टाळ्या. सासरे पुढच्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी बायकांमध्ये मागे, मुलगा कडेवर.

मुलीची पाळी आली. नाव तिनं ठणठणीत सांगितलं.

“अन् कोन्त्या शाळेत हायेस बेटा?”

“घरी,” मुलगी म्हणाली.

“घरी? घरी तं आमच्या म्हशीबी राहतेत!”

सगळं मैदान हसलं. मुलगी हसली नाही आणि रडलीही नाही. तिनं माईकमध्ये विचारलं, “त्यांना वाचता येतं का?” आता मैदान दुप्पट हसलं, आणि या वेळी माईकवाल्याला. पण सासरे खुर्चीतून उठले होते. त्यांनी हात वर करून सांगितलं, “साकोलीले नाव टाकलं हाये तिचं. उद्यापासून जाते.”

टाळ्या झाल्या. मुलगी बैलाची दोरी ओढत ओळीतून बाहेर आली, गर्दीतून वाट काढत थेट माझ्यापर्यंत.

“आई, उद्या?”

मी मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि घराकडे चालू लागले. वाटेत तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. सकाळी जिनं शंभर प्रश्न विचारले होते, ती घर येईपर्यंत रस्त्याच्या कडेनं गुपचूप चालत होती.

घरी छपरीत सासरे, शेजारचे काका-काकू आणि माझा नवरा बसले होते. मी चहा घेऊन दारात आले. सासरे नेहमीप्रमाणे सासूबाईंना म्हणाले, “साडेआठले व्हॅन येते म्हना. तयार ठेवा पोरीले.” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. निरोप पोचवायची त्यांची पाळी होती. नवरा ट्रेमधल्या कपांकडे बघत होता. मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिचा हात मला माझ्या ओढणीवर जाणवत होता.

मी ट्रे खाली ठेवला. सासूबाईंकडे न बघता सासऱ्यांकडे पाहिलं.

“मामाजी,” मी म्हणाले, “ती उद्या जाणार नाही. जूनमध्ये तिला आपल्या गावच्या शाळेत पहिलीत घालू, मी स्वतः हात धरून सोडायला जाईन. तोपर्यंत तिला मी शिकवते. आणि मी चांगलं शिकवते.”